पूर दारात न येणाऱ्या घरांनीही तयारी करावी

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

रोहिणी नक्षत्र लागले की आपल्या दैनिकात नालेसफाईच्या, यांत्रिक बोटींच्या चाचणीच्या आणि निवारा केंद्रांच्या यादीच्या बातम्या येऊ लागतात. प्रशासनाने काय केले आणि काय करायचे राहिले, याचा हिशेब त्यांतून वाचकांना मिळतो आणि तो मिळायलाच हवा. या पत्राचा विषय मात्र उंबऱ्याच्या आतला आहे. पुराच्या काळात कुटुंबाला आठवडाभर स्वतःच्या बळावर निभावून नेता येईल एवढी सामग्री पावसाळ्यापूर्वी घरात जमवून ठेवणे कोल्हापुरात आता आवश्यक झाले आहे. ही गरज सुतारवाडा, दुधाळी किंवा शाहूपुरीची कुंभार गल्ली एवढ्यांपुरती नाही. मंगळवार पेठ, राजारामपुरी, आर. के. नगर अशा कोरड्या राहणाऱ्या भागांनाही ती तितकीच आहे, आणि नेमक्या याच भागांत ती कोणाला जाणवत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली आणि २०२१ च्या जुलैत ती ५६ फुटांना भिडली. या बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पूरग्रस्त पेठांचे आणि चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंतच्या गावांचे हाल सर्वांनी पाहिले. त्या मानाने उरलेल्या शहराबद्दल कमी बोलले गेले. शहराला पाणी पुरवणारी शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडी येथील उपसा केंद्रे नदीकाठी असल्यामुळे ती पाण्याखाली गेली आणि ज्या वस्त्यांत पुराचे पाणी फिरकलेही नव्हते तेथील नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली आणि तिच्याबरोबर इंधन, गॅसच्या टाक्या, औषधे व भाजीपाला यांची आवकही थांबली. पेट्रोल पंपांवर उरलेला साठा अत्यावश्यक सेवेसाठी राखून ठेवावा लागला. कित्येक भागांत वीज नव्हती. पूर घरात शिरला नाही, तरी घरातला नळ, चूल आणि दिवा यांपैकी काही ना काही त्याने बंद पाडलेच, आणि टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्यांत कोरड्या पेठांतील माणसेच अधिक होती.

दरवर्षी या दिवसांत 'संकटकाळासाठी घरात हे ठेवा' अशा याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यांतील बऱ्याचशा थंड मुलखांत, हिमवादळांच्या तयारीसाठी केलेल्या असतात आणि कोणीतरी त्या मराठीत उतरवून पुढे ढकललेल्या असतात. एका यादीत तर बर्फ उपसण्याचे फावडे आणि निसरड्या रस्त्यावर टाकायचे मीठही होते. त्या मुलखात ती यादी योग्यच आहे. हिमवादळ आले की तेथे कोणी बाहेर पडत नाही; सारे घर एका खोलीत, पांघरुणांत, वादळ ओसरण्याची वाट पाहते, आणि रस्ते मोकळे होईपर्यंतचे दोन-तीन दिवस निघाले म्हणजे झाले. आपल्याकडे एकाच शहरात दोन प्रकारची घरे आहेत. काहींना घर सोडावे लागते आणि काहींना घरात अडकून पडावे लागते. पहिल्यांना हाताशी बांधलेली पिशवी हवी, दुसऱ्यांना साठा हवा. एकच यादी दोघांना देऊन चालत नाही.

दुसरा फरक मुदतीचा आहे. पंचगंगेचे पाणी चढते झपाट्याने आणि उतरते इंचाइंचाने. नदीला उतार कमी, पात्र वळणावळणाचे, आणि नृसिंहवाडीला कृष्णाही दुथडी भरून वाहत असली म्हणजे पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही. फुगवटा मागे येतो आणि पाणी शहराभोवती दिवसचे दिवस थांबून राहते. (कर्नाटकातील अलमट्टी धरणामुळे हा फुगवटा वाढतो की नाही, तो वाद मी येथे काढत नाही. त्याचा निकाल कोणा गृहिणीच्या किंवा सेवानिवृत्ताच्या हाती नाही आणि तो लागेपर्यंत पाऊस थांबणार नाही.) पाणी उतरल्यावरही उपसा केंद्रांतील गाळ काढणे, मोटारी सुकवणे आणि पंप पुन्हा बसवणे यांत वेळ जातो. म्हणून तीन दिवसांचा साठा कोल्हापूरला अपुरा आहे. येथे हिशेब सात दिवसांचाच धरायला हवा.

सामग्रीकडे वळण्यापूर्वी फुटांविषयी लिहिणे आवश्यक आहे. कोणत्या फुटाला पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येते आणि कोणत्या फुटाला उंबरा ओलांडते, हे नदीकाठच्या जुन्या रहिवाशांना तोंडपाठ असते. काही घरांच्या भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या रेषा अजूनही आहेत. त्याच गल्लीत भाड्याने नव्याने आलेल्या कुटुंबाला मात्र यातले काहीच ठाऊक नसते, आणि घरमालक ते आपण होऊन सांगत नाहीत. उंचावरच्या घरांनाही अशाच एका आकड्याची गरज आहे. आपल्या भागाचे पाणी कोणत्या उपसा केंद्रातून येते आणि ते केंद्र किती फुटांना बंद पडते, हे ज्याला माहीत आहे तो वेळेवर भांडी भरून ठेवील. धोका पातळीची बातमी वाचून तयारीला लागण्यात अर्थ नाही, कारण तोवर निम्मे रस्ते बंद झालेले असतात आणि दुकानांपुढे रांगा लागलेल्या असतात. राधानगरी, गगनबावडा आणि शाहूवाडी या भागांत सलग मुसळधार पाऊस सुरू आहे आणि बंधाऱ्यावरची पातळी पस्तीस-छत्तीस फुटांकडे निघाली आहे, एवढे दिसले की ती तयारीला लागण्याची खूण मानावी. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. दरवाजा उघडल्याची बातमी आणि ते पाणी शहराजवळ पोहोचणे यांत काही तासांचे अंतर असते. तेवढेच तास घराच्या हाती असतात.

आता साठ्यातील सर्वांत मोठी वस्तू म्हणजे पाणी. पिण्यासाठी माणशी रोज तीन लिटर आणि स्वयंपाकासाठी दोन लिटर धरले, तर चौघांच्या घराला सात दिवसांसाठी १४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात जार लागतात. हा आकडा वाचून पुष्कळांना हसू येईल, पण यात अंघोळ, भांडी आणि शौचालय धरलेलेच नाही. एवढे पाणी जूनपासून भरून ठेवण्याचीही गरज नाही. झाकणाचे जार, कॅन आणि एक मोठे पिंप मे महिन्यात स्वच्छ धुऊन, वाळवून ठेवावे आणि पातळी ३९ फुटांच्या जवळ आली की नळाला पाणी असेपर्यंत ते सारे भरावे. गच्चीवरची टाकीही त्याच दिवशी काठोकाठ भरून घ्यावी. शौचालयासाठी आणि धुण्यासाठी पागोळीचे पाणी आहे. पुराच्या दिवसांत पाऊस पडतच असतो, तेव्हा पन्हाळीखाली पिंप लावायला विसरू नये. वीज गेली की आरओचा फिल्टर भिंतीवरची शोभा ठरतो. माळ्यावर टाकलेला कँडलचा जुना स्टीलचा फिल्टर खाली काढून, नव्या कँडल बसवून तयार ठेवला तर तो विजेविना काम देतो. टँकरचे किंवा विहिरीचे पाणी आले तर ते गढूळ आहे की नितळ हे आधी पाहावे. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून उपयोग होत नाही, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे, मग गोळी किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गॅस शिल्लक असेल तर पाणी खळखळून उकळणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे.

माणसे मोजताना एक गोष्ट कोणत्याही छापील यादीत नसते. कोल्हापुरात पुरात घर सोडणाऱ्यांपैकी पुष्कळजण निवारा केंद्रात जात नाहीत, ते पाहुण्यांकडे जातात. दुधाळीतली आत्या, शुक्रवार पेठेतला मावसभाऊ आणि त्याची शाळेत जाणारी मुले उंचावरच्या घरी येतात आणि चौघांच्या घरात नऊ-दहा माणसे होतात. यात कोणाला कसले ओझे वाटत नाही आणि वाटूही नये. पण मग साठा शिधापत्रिकेवरची नावे मोजून करण्यात काय अर्थ? कोरड्या पेठेतील घराने आपल्याकडे कोण येणार हे जूनमध्येच बोलून ठेवावे, त्यांच्या अंथरुणा-पांघरुणाची आणि एकेक जोड कोरड्या कपड्यांची सोय करावी, आणि त्यांच्या औषधांची चौकशीही आधीच करावी. श्रावणातल्या ओलाव्यात भिजून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला जाड, कोरडी घोंगडी मिळणे ही चैन नव्हे. हिमवादळाच्या यादीतली ही एक वस्तू आपल्याही यादीत बसते.

अन्नाच्या बाबतीत कोल्हापूरच्या घरांना फारसे शिकवायला नको. वर्षाची कांदा-लसूण चटणी, पापड, कुरडया, सांडगे, डाळी, तांदूळ अशी बेगमी उन्हाळ्यात होतेच. उणीव आहे ती शिजवावे न लागणाऱ्या पदार्थांची. भडंग, फुटाणे, गूळ, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, कडक भाकरी आणि लहान मुलांसाठी दुधाची भुकटी हे पदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यांत वेगळे ठेवावेत आणि ते वेगळेच राहतील याची काळजी घ्यावी, कारण भडंगाचा डबा घरात आहे हे मुलांना कळले की पुरापर्यंत तो टिकत नाही. गॅसची एकच टाकी असलेल्या कुटुंबांनी जूनअखेर ती किती उरली आहे हे पाहून वेळेवर नोंदणी करावी. विजेच्या शेगडीवर विसंबू नये.

कोळशाची शेगडी बाहेर काढणाऱ्यांसाठी मात्र एक गंभीर सूचना आहे आणि ती हिमवादळांच्या अनुभवातूनच आलेली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा ऊब मिळवण्यासाठी बंद घरात कोळसा पेटवल्याने आणि बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवल्याने कार्बन मोनॉक्साइड वायूने माणसे दगावली. या वायूला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे पावसामुळे दारे-खिडक्या घट्ट लावून आत शेगडी पेटवली, किंवा जिन्याखाली जनरेटर चालवला, तर तोच वायू तयार होणार आहे. शेगडी पडवीत किंवा उघड्या गॅलरीत आणि जनरेटर इमारतीच्या बाहेर, खिडक्यांपासून दूर, हा नियम अपार्टमेंटच्या समित्यांनी लेखी लावून ठेवावा.

औषधांचा डबा उघडून पाहिला की बहुतेक घरांत एकच चित्र दिसते. गोळ्यांच्या पट्टीचे कात्रीने कापलेले तुकडे, त्यांवर नाव नाही, मुदत नाही, कारण ती कापताना पलीकडच्या तुकड्यावर राहिलेली असतात. निवारा केंद्रात डॉक्टरांनी विचारले की उत्तर मिळते, "पांढरी, लहान, सकाळची." रक्तदाबाची, थायरॉइडची आणि साखरेची गोळी यांपैकी कोणालाही हे वर्णन लागू पडते. म्हणून प्रत्येकाच्या औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा, पट्ट्या अखंड ठेवाव्यात आणि नेहमीच्या औषधांचा पंधरा दिवसांचा साठा जुलैत कमी होऊ देऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांना वीज गेल्यावर धास्ती वाटते. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने खोलीच्या साधारण तापमानाला सुमारे चार आठवडे चालतात आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा नसतोच. तरी न उघडलेल्या कुप्यांविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. जुलाबासाठी क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे हवीतच. ती संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल, विशेषतः पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते. त्यासाठीची प्रतिबंधक गोळी आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारूनच घ्यावी, शेजाऱ्याकडून उसनी नव्हे.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण २०१९ च्या पुरानंतर गच्चीवर आणि कट्ट्यावर वाळत घातलेली पासबुके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते सांगायला नको. शाई उतरलेली, पाने एकमेकांना चिकटलेली, आणि ती सोडवू गेले की शिक्क्यासकट निघून येणारी. पंचनामा, सानुग्रह अनुदान आणि विमा यांसाठी पहिल्या दिवसापासून आधार, शिधापत्रिका, बँक खाते आणि घराचा किंवा जागेचा पुरावा लागतो. मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, छायाप्रतींचा एक संच कोरड्या पेठेतील पाहुण्यांकडे आणि शक्य ती प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्ये, एवढे केले तरी पुरे. जूनमध्येच घरातील प्रत्येक खोलीचे, फ्रिज-धुलाई यंत्राचे आणि वाहनाचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत. नुकसान मांडताना ते कामी येतात.

उजेडासाठी मेणबत्तीपेक्षा टॉर्च बरी. प्रत्येक माणसामागे एक नसली, तरी घरात दोन असाव्यात आणि सेल बाहेर काढून शेजारी ठेवावेत, आत राहिले तर ते ओलाव्याने पाझरून टॉर्चच निकामी करतात. मोठ्या पडद्याचा मोबाइल दिवसभरात मान टाकतो. घरातला जुना, बटणांचा साधा फोन चार्ज करून त्यात चालू सिमकार्ड घातले तर तो दोन-तीन दिवस तग धरतो. सेलवर चालणारा रेडिओ असेल तर उत्तम. क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत, कारण ते मोबाइलमध्ये आहेत आणि मोबाइल बंद आहे ही स्थिती फार लवकर येते: ११२ सर्व आपत्कालीन मदतीसाठी, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्षासाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०१ अग्निशमनासाठी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ॲप वेळेवर इशारे देते, तेही घरातल्या एकाच्या तरी फोनवर असावे. आणि रोख रक्कम, तीही दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. वीज आणि नेटवर्क गेले की एटीएम आणि क्यूआर कोड दोन्ही मुके होतात आणि भाजीवाल्याकडे पाचशेची मोड नसते.

ज्यांच्या घरात पाणी येते त्यांनी वरील साठ्यापेक्षा पिशवीकडे लक्ष द्यावे. इशारा पातळी ओलांडली की पिशवी दाराजवळ हवी: कागद, औषधे, रोकड, टॉर्च, दोन दिवसांचे कोरडे खाणे, प्रत्येकाचे एक जोड कपडे, लहान मुलांचे आणि स्त्रियांचे लागणारे साहित्य. सॅक असेल तर बरे, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. निघायचे ते पायी निघता येत असतानाच. बोट येईल या भरवशावर माडीवर बसून राहणे धोक्याचे आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी ओसंडून भरलेली बोट उलटून अनेकांचे जीव गेले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.  सुतारवाड्यातील कुटुंबे दरवर्षी पाणी जवळ येताच चित्रदुर्ग मठात हलतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, आणि इतरांनी त्यांच्याकडून हे शिकण्यासारखे आहे.

निघण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, पण तो कोरड्या हातांनी आणि कोरड्या जमिनीवर उभे राहून. पाणी आधीच आत आले असेल तर त्याला हात लावू नये. गॅसचा रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावावी आणि टाकी खिडकीच्या गजाला दोरीने उभी बांधावी. पुष्कळांना खोटे वाटेल, पण भरलेली टाकीही पाण्यावर तरंगते. लोखंड आणि गॅस मिळून तिचे वजन तीस किलोच्या आसपास असते आणि तिच्या आकारमानाइतक्या पाण्याचे वजन त्याहून जास्त भरते. सुटी राहिलेली टाकी खोलीभर आपटत फिरते. शौचालयाच्या भांड्यातून आणि न्हाणीच्या मोरीतून पाणी उलटे येते, तेथे वाळूची पिशवी दाबून ठेवावी. म्हशी असलेल्यांनी त्यांना आधी हलवावे. चारा भिजला की तो कुजतो, म्हणून दोन-तीन दिवसांची कडबाकुट्टी उंचावर न्यावी, आणि जनावरे हलवणे अगदीच अशक्य झाले तर दावी सोडावीत. बांधलेली म्हैस पोहू शकत नाही.

परतल्यावर लागणारी सामग्री याद्यांत क्वचितच असते. गमबूट, रबरी हातमोजे, खराटे, फावडे, ब्लीचिंग पावडर आणि फिनेल यांचा पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्यात शहरात तुटवडा पडतो आणि भाव चढतात. घरात पहिले पाऊल टाकताना हातात काठी आणि टॉर्च हवी, कारण पुराबरोबर आलेला साप अंथरुणांच्या वळकटीत किंवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसलेला असू शकतो. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांत वेळ घालवू नये. तो अवयव हलू न देता माणसाला थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. वायरमनने तपासेपर्यंत स्विच चालू करू नये, हेही येथेच सांगतो.

हे सारे प्रत्येक घराला परवडेल असे नाही, याची मला जाणीव आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला सात जार ठेवायला जागा कोठून मिळणार, आणि हातावर पोट असलेल्याने पंधरा दिवसांची औषधे आगाऊ कशी घ्यावीत? येथे तालमींनी पुढे यावे. दोन्ही महापुरांत शहरातल्या तालमींनी आणि तरुण मंडळांनी जेवणाची पाकिटे, दोरखंड आणि माणसांचे खांदे यांनी जे काम केले ते कोणत्याही सरकारी खात्याला सहज जमले नसते. मात्र ते काम पूर आल्यावर सुरू होते. गणेशोत्सवाच्या वर्गणीतील थोडासा भाग मे महिन्यात बाजूला काढून एक मोठे पिंप, क्लोरीनच्या गोळ्या, दोन दोरखंड, हवा भरलेल्या ट्यूब, टॉर्च, प्रथमोपचार पेटी आणि झोळीची स्ट्रेचर एवढे तालमीत ठेवले, आणि गल्लीत एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया व अंथरुणाला खिळलेले रुग्ण कोण आहेत यांची एक वही केली, तर निम्मे काम पाऊस पडण्यापूर्वीच होईल. मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे पटवायला फार वेळ लागणार नाही, त्यांना कोणीतरी आधी सांगायला मात्र हवे.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. पावसाळ्यात पहिल्या पानावर राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण रोज छापता. तिच्यासोबत, त्या फुटांना पाणी कोठे पोहोचते हे सांगणारे कोष्टक दिले तर त्या आकड्याचा घराला उपयोग होईल. किती फुटांना सुतारवाडा, किती फुटांना कुंभार गल्ली, जामदार क्लब, व्हीनस कॉर्नर, बापट कॅम्प. किती फुटांना शिरोलीजवळचा महामार्ग बंद होतो आणि कोणते उपसा केंद्र थांबून कोणत्या भागाचे पाणी बंद होते, ही माहिती महापालिका व पाटबंधारे विभागाकडून घेऊन, जुन्या रहिवाशांकडून पडताळून आपण एकत्र छापावी. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते. त्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी हे कोष्टक पाव पानावर, ठळक अक्षरांत आले, तर ते कापून स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल आणि नव्याने आलेल्या भाडेकरूलाही आपला आकडा शोधता येईल.

कळावे,

आपला,
एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर